पाळण्यात शिरलेली हळद

रिठदमध्ये कोणाच्याही घरी गाण्याचं काम निघालं की पहिलं बोलावणं विजयमालाबाईंना. बारसं असो, डोहाळजेवण असो, भुलाबाई असो की लग्नाची हळद, बाईंनी ओळ काढायची आणि बाकीच्या बायांनी ती मागून धरायची. बाईंना त्याचा जरासा तोराही होता. गावात सरपंच बदलले, अंगणवाडीच्या ताई बदलल्या, ओळ काढणारी काही बदलली नव्हती.

गोमतीबाईच्या नातवाच्या बारशाला मात्र घोळ झाला. बाई पाळणा म्हणत होत्या,

*दोरी ओढा बाई, सोनुल्याच्या पायन्याले,*
*मावशी येऊन बसली झोका त्याले देयाले.*

आणि पुढच्या कडव्याला, सवयीच्या पायांनी भलत्याच घरात शिरावं तसं तोंडातून निघालं,

*हयद लावा बाई, नवरीच्या अंगाले,*
*सोयरे येऊन बसले मांडवाच्या दाराले.*

मागच्या बायांनीही ते इमानदारीनं धरलं. पाळण्यातल्या पोराला हळद लागली, सोयरे जमले, वरात निघायचीच काय ती बाकी होती, तेव्हा कुठं गोमतीबाईच्या ध्यानात आलं.

"अवं विजू, थांब! पोट्ट्याचं नाव त ठेवू दे, मंग लगन लाव!"

हसता हसता बायांच्या डोळ्यांतून पाणी आलं. विजयमालाबाईही हसल्या. परतताना सून मंजुषा त्यांचा हात धरून म्हणाली, "आई, तुमची काई चूक नाई. तुमची सगळी गाणी एकाच चालीत हायेत, म्हणून घसरतं."

पोरगी समजूत काढत होती. पण ते वाक्य बाईंच्या घशात तुसासारखं अडकलं.

दुसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता त्यांनी हळूच एकेक गाणं म्हणून पाहिलं. पाळणा. हळद. डोहाळे. भुलाबाईचं. कुठं ओढून म्हणायचं, कुठं ठेक्यात, पण आतून सगळी एकच. बाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणजे इतकी वर्षं गावाला एकच लुगडं पदर बदलून बदलून नेसून दाखवलं की काय? आणि आता जावेच्या पोरीची, निकिताची, हळद तोंडावर आलेली. नवरदेवाकडच्या बाया मानोऱ्याहून येणार. त्यांच्यासमोर पुन्हा असंच हसं झालं, तर त्यानंतर ओळ काढायला तोंड उघडणं काही आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

नवी चाल पाहिजे होती. म्हणून त्या वाशीमला अमीनाबीकडे गेल्या. अमीनाबी पूर्वी टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरायची. आता गुडघे धरल्यामुळं खालिदच्या, म्हणजे पोराच्या, दुकानात बसून भरते.

"अमीनाबी, तुमच्यातली एखादी चाल दे ना वं. आमच्याइकडं कोनी आयकली नसन अशी."

"चाल? घे ना बेटी, चालीले काय भाव लागते का?" अमीनाबीनं समोरच्या गिऱ्हाइकाचा हात दाबत गळा साफ केला.

*मेंदी घोलो बीबी, बन्नो के हातों को,*
*फुप्पी आके बैठी है गाने को रातों को.*

विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवं, हे त माहीच हाये!"

"तुही कशी? माह्या अम्मीची हाये. टोपली घेऊन तुह्या मायच्या घरी जाये, तथीच जात्यापाशी बसून शिकली, म्हने."

"आन् माही माय म्हने, बांगड्यावालीपासून घेतली."

"मंग चोरली कोनी?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"चोरली असती त एकीकडं कमी नसती का पडली?" अमीनाबी म्हणाली, आणि फुकटात चाल नाही तर नाही, म्हणून त्यांच्या हातात दोन बांगड्या जास्तीच्या चढवल्या.

शेवटी चाल मंजुषानंच दिली. तिच्या कॉलेजातल्या गॅदरिंगची, छान वळणावळणाची. सासू-सुनेनं गोठ्यामागं बसून ती घोटली. बाईंना आली, आणि चांगली आली.

हळदीच्या दिवशी मांडव बायांनी भरला. मानोऱ्याच्या बाया पुढं बसल्या, त्यांच्यात नवरदेवाची आत्या हिरीबाई, पान खात, नजर रोखून. कोपऱ्यात अमीनाबी, खालिदनं गाडीवर आणून सोडलेली, बायांना हिरव्या बांगड्या भरत होती. विजयमालाबाईंनी नव्या चालीत ओळ काढली. आवाज मांडवाच्या वर गेला. बायांनी माना डोलावल्या. ओळ संपली, आणि मागून कोणीच धरली नाही.

बाईंनी पुन्हा काढली. पुन्हा तेच. गोमतीबाई कानाशी आली. "लय छान म्हनून राह्यली तू. पन आमी काय करावं? नुसतं आयकत बसावं का?"

निकिता हळदीचे हात पुढं धरून तशीच बसलेली. मंजुषा डोळ्यांनी 'म्हणा, म्हणा' करत होती. बाईंना पुढची ओळ आठवत होती, तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यात एका पोरीच्या जाड हातात बांगडी अडली. दुखू नये म्हणून अमीनाबी नेहमीसारखी गुणगुणली, *मेंदी घोलो बीबी...*

दुसऱ्या ओळीला दाराशी कडेवर पोर घेऊन उभी असलेली बाई सामील झाली. मग गोमतीबाई. मग, कोणी शिकवलं कुणास ठाऊक, पान एका गालात सारून हिरीबाईसुद्धा! तिचे शब्द मानोऱ्याचे, विहिणीला टोमणे मारायचे, पण चाल तीच. विजयमालाबाईंनी क्षणभर ऐकलं. मग गळा मोकळा केला आणि हळद काढली. अख्खा मांडव मागून आला. त्यांनी निकिताचं नाव गुंफलं, मामाचं, मावशीचं, अमीनाबीचंही. हिरीबाईनं टोमणा टाकला की त्या तिथल्या तिथं फेडत.

आणि ऐन रंगात आल्यावर निघालं,

*दोरी ओढा बाई, सोनुल्याच्या पायन्याले...*

निकितानं हळदीच्या हातांनीच तोंड झाकलं. मानोऱ्याच्या बाया टाळ्या पिटत ओरडल्या. हिरीबाई पुढं सरकून म्हणाली, "घाई झाली का वं इहीनबाई तुमाले? आमची काई ना नाई!"

मंजुषा कानाशी लागली. "आई, घसरल्या तुमी."

"मालूम हाये मले," विजयमालाबाई म्हणाल्या. "तू कायले बोलून राह्यली? मागून धर."