तारेवरचे बोंबील

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात आमच्या पाड्यावरून माजिवड्याकडे जाणारा रस्ता काँक्रीटचा झाला. आजही तिथे एका जागी रिक्षा डावीकडे कलते आणि माझ्या तोंडात कडू पाणी येते.

खाडी तोवर मेलेली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ओहोटीला दारासमोर चिंबोऱ्या मिळत. पुढे जाळ्यात केमिकलचा वास मारणारा काळा चिखल येऊ लागला. म्हणून माझा नवरा गुणाजी रस्त्याच्या कामावर लागला, आणि मागोमाग मीही.

ते यंत्र मी कधी विसरणार नाही. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्ट्या ठोकून मधे काँक्रीट ओतत. याला पट्ट्या लागत नसत. पुढ्यात माल ओतला की ते मुंगीच्या चालीने सरके, आणि मागून कडा कापून काढल्यासारखा, आपल्या बळावर उभा असा रस्ता बाहेर पडे. माल मात्र भाकरीच्या उकडीसारखा घट्ट हवा. पाणी जास्त झाले की कड बसलीच.

यंत्राची वाट ठरे ती बाजूला खुंट्यांवर ताणलेल्या तारेने. तार खाली आली तर रस्ताही खाली. त्या तारेला कोणी हात लावू नये, एवढे पाहणे हे गुणाजीचे काम. हा रस्ता नीट झाला तर घोडबंदरच्या कामावर त्याला कायम घेऊ, असे उत्तम सुपरवायझरने कबूल केले होते. आमच्या घराचे सगळे त्या तारेवरच टांगलेले होते. मी यंत्राच्या मागे तयार रस्त्यावर गोणपाट अंथरून पाइपाने भिजवत असे.

एका सकाळी माझी सासू मनुबाई हिने त्या तारेवर बोंबील वाळत घातले. तिच्या भावाने उत्तनहून टोपलीभर पाठवले होते आणि मासे वाळत घालायच्या आमच्या वलांडीचे बांबू मोडले होते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने तिने पन्नासेक बोंबील ओळीने लावले.

गुणाजी धावत गेला. "आये, काय केलंस ह्या?"

"एवरी चांगली दोरी बांधलीव, ती काय रिकामी ठेवाची?"

"दोरी नाय ती, तार हाय. मशीन वाचते ती."

"वाचू दे. बोंबलाव काय लिवलंय?"

माणसे हसली. यंत्र अजून बरेच लांब होते. गुणाजीने बोंबील काढले, तार पुसली, मोजणीवाल्याने उंची तपासून ठीक आहे म्हटले. विषय संपला. दुपारी उत्तम आमच्या ओट्यावर बसून त्यातलेच बोंबील खाऊन गेला. बोटे चाटत म्हणाला, "वहिनी, रोज घाला तारेवर."

चौथ्या दिवशी मालाच्या गाड्या माजिवडा नाक्यावर अडकल्या. यंत्र थांबले. तासाभराने पहिली गाडी आली तोवर उन्हात माल आवळून आला होता, उतरेना. गाडी परत पाठवायला हवी होती. उत्तमने माझ्या हातातला पाइप मागितला. मी दिला. त्याने तो सरळ गाडीच्या ड्रममध्ये सोडला.

"भाऊ, पातळ होईल," मी म्हटले.

"तू गोणपाट बघ."

तो माल यंत्रातून बाहेर पडला आणि वीस पावलांपर्यंतची कड ओल्या शेणासारखी बाहेर ढासळली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. बुटाच्या टोकाने त्यांनी कड उकरली. उत्तम म्हणाला, "साहेब, इथले लोक तारेवर मासे वाळत घालतात."

"तार झुकली तर वरचा भाग खाली जातो. कड अशी ढासळत नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

मला वाटले, सुटलो. मी पुढे होऊन पाइपाचे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले. मग उत्तमकडे वळून म्हणाले, "पाण्याचं लिहिलं तर सगळंच फोडावं लागेल. माशांचं लिहा." आणि नाकाला रुमाल लावला. तिथे एकही मासा नव्हता.

उत्तमने कागद गुणाजीपुढे धरला. "माझ्या हयगयीमुळे, असं लिहिलंय. सही कर. नाहीतर म्हातारीच्या नावाने तक्रार पोलिसात जाईल, सरकारी कामाची नासधूस म्हणून."

हाच माणूस चार दिवसांपूर्वी माझ्या ओट्यावर काटे चोखत होता.

गुणाजीने सही केली. नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ढासळलेल्या कडेवर सिमेंटचा गिलावा थापून गोणपाटाने झाकले. त्या रात्री मी नवऱ्याला वाढले, पण त्याच्या तोंडाकडे पाहवले नाही. मग आठवले, पाइप तर मीच दिला होता. स्वतःचीही किळस आली.

मनुबाईला कोणीतरी सांगितलेच. तिने वलांडीचे मोडके बांबू चुलीत घातले आणि पुन्हा कधी बोंबील वाळवले नाहीत. उत्तनहून टोपली आली की शेजारी वाटून टाकी. दोन वर्षांनी अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "शीला, माझ्या बोंबलांनी पोराची नोकरी खाल्ली."

मी तिला सगळे सांगितले. गाडी, पाइप, साहेबांचा बूट. पोलिसांची धमकी तेवढी सांगितली नाही, ती तिच्याच नावाने होती.

तिने मान हलवली. "मंग गुनानं सही कशी केली? तो खोटी सही करल काय?"

गुणाजी दाराशी बसून ऐकत होता.