पान एकशे बारा

माझे बाबा पान एकशे बारावर वारले. मी ते पान मोठ्यानं वाचत होतो आणि बाबा समोर बसून पोहे खात होते.

पुस्तक आमच्या चेअरमनसाहेबांचं. 'भट्टी आणि मी'. साहेब आता इतके मोठे झालेत की चौकाचौकात त्यांचे होर्डिंग असतात. हिंगण्याच्या कारखान्यात हे आत्मचरित्र सगळ्यांना फुकट वाटलं. कंत्राटी कामगारांनी त्यावर एक पानाचा अभिप्राय लिहून द्यायचा होता. मी चार वर्षांपासून कंत्राटी आहे, त्यामुळे मनापासून वाचत होतो. बाबांना मोतीबिंदू आहे, त्यामुळे मोठ्यानं.

एकशे बारावर असं होतं. साहेबांच्या कामठी रोडवरच्या पहिल्या भट्टीवर नत्थू नावाचा कामगार होता. मे महिन्यात तो कोसळला. साहेबांच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "साहेब, भट्टी विझू देऊ नका," आणि त्यानं प्राण सोडला. त्या दिवशी साहेबांना आयुष्याचं ध्येय सापडलं.

"मी असं काहून म्हणीन?" बाबा म्हणाले. "भट्टी विझली की आमाले सुट्टी भेटे."

"मंग काय म्हटलं होतं?"

"पाणी मागतलं."

"आणि मांडी?"

"मांडी होती. ते खरं लिवलं त्यायनं."

कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमानं, चक्कर येणारा माणूस नको म्हणून, बाबांना कामावरून काढलं. त्यानंतर साहेबांची आणि त्यांची भेट नाही. बाबांनी जरीपटक्यात सायकली दुरुस्त केल्या. साहेबांनी ध्येयावर काम केलं.

"आणखी पोहे देऊ का मेलेल्याले?" आईनं आतून विचारलं.

"दे," बाबा म्हणाले.

मी अभिप्रायात लिहिलं की पान एकशे बारावरचे नत्थूजी म्हणजे माझे वडील. ते जिवंत आहेत हेही लिहिणार होतो, पण एक पान संपलं.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या मिनल मॅडमनं बोलावलं. साहेब अभिप्राय वाचून गहिवरले होते. मला अनुकंपा तत्त्वावर पर्मनंट करायचं ठरलं होतं, पुढच्या सोमवारी, पुस्तकाच्या कार्यक्रमात.

"मृत्यूचा दाखला लागेल का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"साहेबांच्या पुस्तकात आहे ना. त्या पानाची झेरॉक्स जोड."

मी झेरॉक्स जोडली. खाली 'सत्यप्रत' लिहून सहीपण केली. मग म्हणालो, "मॅडम, बाबा..."

"मी समजू शकते, रोशन," त्या म्हणाल्या आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी एक टिश्यू घेतला.

घरी येऊन सांगितलं. बाबांनी पंखा बंद केला.

"पर्मनंट?"

"पर्मनंट."

"मंग मेलो," बाबा म्हणाले.

पण त्यांना कार्यक्रमाला यायचंच होतं. म्हणे साहेबांना पाहायचं आहे. मग ठरलं की ते माझे काका, म्हणजे स्वतःचे धाकटे भाऊ म्हणून येतील. ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. आमच्या लाईनवर चाळिशीचा माणूससुद्धा म्हातारा गणला जातो.

मंचावर मतदान कार्डावरून मोठा केलेला बाबांचा फोटो होता. त्याला झेंडूचा हार. चेहरा इतका फुटला होता की तो कोणाचाही चालला असता. बाबांनी फुलं वाहिली, हात जोडले आणि पहिल्या रांगेत येऊन बसले.

मी पान एकशे बारा वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मला पत्र दिलं. मला काहीतरी वाटायला पाहिजे होतं. पत्रावर शिक्का आहे की नाही ते मी पाहिलं. होता.

मग साहेब म्हणाले, "नत्थूच्या भावानं दोन शब्द बोलावे."

हे ठरलं नव्हतं. बाबा माइकजवळ गेले.

"नत्थू जास्त बोले नाही," ते म्हणाले. "त्याले एकच वाटे, पोरगं पर्मनंट व्हावं. आता झालं. आता तो मेला तरी चालते."

मागे कोणीतरी नाक शिंकरलं.

साहेब उठले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि तोंडाकडे नीट पाहिलं. मी मोजलं नाही, पण बराच वेळ पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"तुमचं हे वाक्य दुसऱ्या आवृत्तीत घेतो," साहेब म्हणाले. "तुमचं नाव काय?"

बाबांनी तोंड उघडलं. काकांचं नाव आम्ही ठरवलंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तर वर्षं एकच नाव वापरलेला माणूस, आणि ते त्याच्या ओठावर आलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

"मनोहरराव," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली. मिनल मॅडमनं लिहून घेतलं.

"हो जी," बाबा म्हणाले. "मनोहर."

राव त्यांनी स्वतःच काढून टाकलं.