अकरावं घर

आमची लेक कुंझेस ज्या हिवाळ्यात तंबूचा खांब धरून चालायला लागली, त्याच हिवाळ्यात खरनाकला आमच्या निम्म्या शेळ्या बर्फात मेल्या. उरलेल्या शेळ्या गुर्मेतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच्या थोरल्या भावाला देऊन टाकल्या. भावाचं नाव लोबझांग. तो म्हणाला, "जा, पण तंबूत वाढलेला चांगपा माणूस भिंतींमध्ये झोपू शकत नाही." आम्ही गेलो. गुर्मेत, मी, सासू आणि कुंझेस. तीन दिवसांची वाट उतरून चुलुंगला आलो. गावाने खालच्या टोकाला, कालव्याच्या शेपटाला पडीक जमीन दिली होती. तिथे आम्ही घर बांधलं.

चुलुंगचे लोक वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटेल.

पहिल्याच महिन्यात मी गावच्या झऱ्यावर लोकर धुतली. आमच्या चांगथांगच्या पठारावर पाणी म्हणजे पाणी. इथे झऱ्यात नागदेवता राहतात हे मला कोण सांगणार. वरच्या घरातली स्कर्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला ती नोमो, धाकटी बहीण म्हणायची.

"नोमो, तुमच्या चांगथांगात पाण्याखाली कोणी राहत नाही वाटतं?"

"मासे राहतात."

"मग आता इथल्या मालकांची माफी कोण मागणार? मासे?"

तीन दिवस गावाने झऱ्यापाशी शुक्पाच्या सुगंधी फांद्यांचा धूर केला. माफी मागितली गेली, ती माझ्या वतीने, पण मला तिथे बोलावलं नाही.

गुर्मेतचं नांगरणं हा गावाचा करमणुकीचा विषय होता. स्कर्माचे सासरे मेमे स्तोब्दान, साऱ्या गावाचे आजोबा, बांधावर बसून बघायचे. "पोरा, ही नांगरट आहे की वाट चुकलेली शेळी?" सगळे हसायचे, गुर्मेतही हसायचा. संध्याकाळी मात्र तो पाठ शेकत बसायचा. लग्नाला आम्हाला बोलावणं यायचं. जेवून यायचो. वाढायला, पाणी आणायला, नवरीचं सामान उचलायला कोणी कधी सांगितलं नाही. मी घरी येऊन छतावर उभी राहायची आणि लांबून ढोल ऐकायची. जिथे काम सांगत नाहीत तिथे माणूस पाहुणा असतो, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या हिवाळ्यात सासू गेली.

आमच्यात मेलेल्या माणसाला घरच्यांनी हात लावायचा नसतो. ते काम फास्पुनचं. ज्या घरांचा देव एक, ती घरं एकमेकांची फास्पुन. तेच मढं बसतं करून बांधतात, तेच उचलतात, तेच जाळतात. मेमे स्तोब्दानच्या फास्पुनमध्ये दहा घरं होती. आमचे फास्पुन खरनाकला, आणि खिंड बर्फाने बंद.

गावातलं प्रत्येक घर आलं. कोणी लोणी आणलं, कोणी पीठ, कोणी दिव्याचं तेल. स्कर्माने तीन दिवस स्वतःच्या चुलीवरून चहा पाठवला. सगळे बसले, सासूबद्दल चांगलं बोलले. आतल्या खोलीचा उंबरा मात्र कोणी ओलांडला नाही. देव वेगळा, त्यांचाही नाइलाज होता. शेवटी गुर्मेतने स्वतः आईला बांधलं. खरनाकच्या मिठाच्या वाटेवर ओझी बांधायची त्या गाठीने बांधलं आणि पाठीवर घेतलं. बायका चितेपर्यंत जात नाहीत. मी लाकडं घेऊन गेले. लोक आपापल्या छतांवर मान खाली घालून उभे होते.

त्यानंतर वर्षभर गुर्मेतने त्या हातांनी सातूचं पीठ मळून खाल्लं नाही. वाटी माझ्यापुढे सरकवायचा. एकदा म्हणाला, "माझ्या वेळी तू उचलशील मला?"

"मी आणि कुंझेस मिळून."

"तू आत्ताच वाकून चालतेस. मला पाडशील."

तेव्हापासून त्याने मनाशी धरलं की चुलुंगच्या माणसांनी आपल्याला उचललं पाहिजे. दुसरं काही त्याला गावाकडून नको होतं.

तो छांगचं, सातूच्या दारूचं, भांडं आणि पांढरं वस्त्र घेऊन मेमेंकडे गेला. मेमेंनी विचारलं, "तुझा देव कुठला?"

"खरनाकचा, मेमे-ले."

"तो घोड्यावर बसणारा. आमचा पायी चालणारा. दोघांचं जमायचं नाही, सारखं तू थांब, मी येतो." मग भांड्यात डोकावून म्हणाले, "छांग छान झालीय. कोणी केली?" सगळ्यांनी ती प्यायली आणि विषय तिथेच संपला.

चार वर्षांनी तो पुन्हा गेला. मेमे म्हणाले, विचार करू.

"विचार करू म्हणजे कधी?"

"म्हणजे मी मेल्यावर माझा मुलगा विचार करील."

गुर्मेत घरी येऊन मला हे सांगून हसला. मी हसले नाही. कुंझेस तेव्हा शाळेत गावच्या मुलांसारखीच बोलायची आणि माझ्या बोलण्यातले शब्द दुरुस्त करायची. दिवसभर माझ्याशी बोलायला दोन गाढवं आणि एक गाय होती.

त्यानंतरच्या एका कापणीत गावातले तरणे पुरुष घोडी घेऊन खिंडीपलीकडे ओझी वाहायला गेले होते. स्कर्माचा नवरा टुंडुपही त्यांच्यात होता. आम्ही सातूच्या पेंढ्या बांधत होतो. स्कर्मा धावत आली, बांधाच्या अलीकडे थांबली आणि थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली.

"आचो गुर्मेत, दोरी घेऊन ये."

"गाय पडली का कालव्यात?"

"आबी गेली."

आबी म्हणजे मेमेंची बायको. दहा घरांत मिळून तीन पुरुष उरले होते. त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले आणि तिसरे स्वतः मेमे, घरचे म्हणून त्यांना हात लावता येत नव्हता. ऊन कडक होतं, मढं फार दिवस ठेवता आलं नसतं. गुर्मेतने माझ्याकडे पाहिलं. मी घरात जाऊन दोरी आणली.

त्या दोघा म्हाताऱ्यांनी आबीला बसती करायचा प्रयत्न केला होता, ती एका बाजूला कलत होती. गुर्मेतने एकट्याने तिला बांधली. माळ ओढत बसल्यासारखी ती सरळ बसली, असं स्कर्मा मला पुढे कितीदा तरी सांगायची.

आठव्या दिवशी मेमे आमच्याकडे आले. कोणी मेलेलं नसताना ते आमच्या घरात पहिल्यांदाच आले होते. चुलीशेजारी बसून म्हणाले, "दोन वाटा आहेत. परक्याने आमच्या माणसाला शिवलं म्हणून देव कोपेल. नाहीतर तू परका नाहीस. म्हाताऱ्या माणसाला दुसरी वाट जवळची."

"देवाला पटेल?" गुर्मेतने विचारलं.

"पटवीन. आता घरात वाद घालायला तोच एक उरलाय."

पण एका घरात दोन देव चालत नाहीत. आमच्या देवाचा बाण आम्ही वस्त्रात गुंडाळून खांबाला बांधलेला होता. गुर्मेत तो घेऊन खरनाकला गेला. सात दिवसांनी परत आला.

"भाऊजींनी घेतला?"

"घेतला."

"तंबूत बोलावलं का?"

"बोलावलं. पाहुण्यांच्या बाजूला बसवलं."

असे आम्ही अकरावं घर झालो. लग्नात मला भांडी घासायला सांगू लागले, मी घासू लागले. गुर्मेतने बरीच माणसं बांधली, उचलली. मेमे स्तोब्दानना पण त्यानेच बांधलं. कुंझेस लग्न होऊन नुब्राला गेली, तेव्हा दहाही घरं आमच्या अंगणात राबली. आता एकटं वाटायला कारण नव्हतं. तरी वाटायचं. गुर्मेत आणि मी घरातसुद्धा चुलुंगचेच शब्द बोलत होतो, हे एकदा लक्षात आलं. खरनाकची बोली आठवून पाहिली, तर ती सासूच्या आवाजात आठवली.

मग गुर्मेतच्या पोटात गाठ निघाली आणि एका शरद ऋतूत तो संपला. मी कोणाला बोलवायला गेले नाही. टुंडुप आणि बाकीचे आपणहून आले. स्कर्माने माझा दंड धरून मला चुलीपाशी बसवलं. "नोमो, इथून उठू नकोस." आतल्या खोलीचं दार लागलं. ज्या दारासाठी आम्ही इतकी वर्षं झुरलो, ते लागलं, आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. करायला काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लोबझांग आला. दारात उभं राहूनच म्हणाला, "ट्रक आणलाय. त्याला खरनाकला नेतो. आमची माणसं जाळतील."

टुंडुप आतल्या दारातून बाहेर आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. लोबझांगनेही पाहिलं. मी हो म्हटलं असतं तर दहा घरांच्या माणसांनी अडवलं नसतं. चहा पिऊन, दिव्याचं तेल देऊन ते आपापल्या घरी गेले असते. आणि लोबझांगचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत गुर्मेतचा होता.

"तो इथूनच जाईल, भाऊजी," मी म्हणाले.

"तो माझा भाऊ आहे."

"तिकडे तुम्ही त्याला पाहुण्यांच्या बाजूला बसवलं होतं."

"ते तर चहापुरतं," तो म्हणाला.

"बसा. माझ्याजवळ बसा."

"तुझ्याजवळ म्हणजे कोणाजवळ? तू तरी आमची कुठे राहिलीस."

पण तो बसला. दोन दिवस आम्ही शेजारी बसलो. मी त्याला चहा ओतत होते, तो पीत होता. बोलायचं म्हटलं तर दोघांनाही गुर्मेत लागला असता.

पाचव्या दिवशी दहा घरांच्या माणसांनी गुर्मेतला उचललं. मी छतावरून पाहिलं. लोबझांग सगळ्यांच्या मागे चालत गेला आणि तिकडूनच ट्रकमध्ये बसून खरनाकला गेला, घरी परत आला नाही.

गुर्मेत २००९ साली ऑक्टोबरच्या सोळा तारखेला, शुक्रवारी सकाळी वारला. लोबझांग त्यानंतर दोन वर्षांनी, हिवाळ्यात, खरनाकला वारला. मला ते वसंतात कळलं, लोकर विकायला आलेल्या माणसाकडून.