चौकशीची खिडकी

जुन्या संगणकाला मी जागा द्यायला लागलो, तेव्हा सगळ्यात आधी आमची बाल्कनी गेली.

हा जुना संगणक खरा नव्हता. माझ्या लॅपटॉपच्या काचेआड तो चालायचा आणि पंचवीस वर्षांपूर्वीसारखा वागायचा. माझे वडील, अण्णा, एसटी स्टँडवर उद्घोषक होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. स्टँडवरच्या जुन्या प्रोग्राममध्ये तो तुकड्यातुकड्यांनी भरलेला होता, पण तो प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना. म्हणून हा खटाटोप.

अण्णा बटणं दाबून बोलत. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" ही मला हाक. "विट्याकडे जाणारी गाडी उशिरा धावत आहे" म्हणजे चहा कुठाय. आम्ही पोट धरून हसायचो.

माझं नाव मात्र त्यात नव्हतं. सगळी गावांचीच नावं. लहानपणी मी स्टँडवर हरवलो होतो, तेव्हा अण्णांनी ते भोंग्यावरून पुकारलं होतं. मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं, बस्स.

प्रोग्रामच्या तळाशी 'हरवलेले' असा कप्पा सापडला. उघडायला जागा अपुरी आहे, असं त्यानं कळवलं. मी वाढवून दिली. बाल्कनी कुंड्यांसकट काचेआड गेली आणि तिथल्या स्टँडच्या फलाटाला लागून छान दिसू लागली. मग कपाट गेलं. मग स्वयंपाकघर.

माझी बायको शलाका दारातून वाकून म्हणाली, "अरे, फ्रीज पण आत?"

"चालू आहे. दिवा दिसतोय बघ."

"दूध तरी काढून घ्यायचंस आधी."

अण्णा जोरजोरात मान हलवत होते. त्यांनी बटण दाबलं. "धावत्या गाडीत चढू नये."

आता टेबल आणि अण्णांची नि माझी खुर्ची एवढंच उरलं होतं. आणखी थोडी जागा हवी, असं काचेवर आलं. अण्णांची खुर्ची कशी देणार? मी बसल्याबसल्या माझी दिली.

कप्पा उघडला. फलाटावर डिझेलचा वास होता. माझ्या अंगात निळी हाफपँट होती. भोंग्यातून अण्णांचा आवाज आला, तरुण आणि खणखणीत.

"शिरीष नावाचा मुलगा चौकशीच्या खिडकीपाशी उभा आहे. पालकांनी त्याला ताबडतोब घेऊन जावे."

इतका आनंद झाला की मला रडूच आलं. खिडकीच्या काचेपलीकडे अण्णा होते, म्हातारे, केवढे तरी मोठे. तोंड उघडून ते ओरडत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मग त्यांनी एक बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले.

"पालकांनी त्याला ताबडतोब घेऊन जावे. पालकांनी त्याला ताबडतोब—"