डाव्या हाताशी

सासऱ्यांना झटका आला तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक प्रवासवर्णन अर्धं लावून झालं होतं. पुस्तकांची पानं लावणं हा त्यांचा उभ्या आयुष्याचा धंदा. आधी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. मग खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तर पिकल्या केसांनी तेही शिकून घेतलं. दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर ठेवून, उजवा पाय ओढत. जीभही जड झाली होती. शब्द मनात तयार असायचा, पण ओठांपर्यंत यायला उशीर करायचा, आणि तोवर समोरचा माणूस दुसराच शब्द सुचवून मोकळा व्हायचा. त्याचा त्यांना फार राग यायचा.

सून गाड्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होती. चेपलेले दरवाजे, बॉनेटं ठोकून सरळ करायची, घासून रंगवायची. लग्न ठरलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "म्हणजे आमच्या घरात आता ठोकाठोकी सुरू." सगळे हसले होते. तीही हसली होती, पण ते कुठेतरी रुतून बसलं होतं. तेव्हापासून दोघांत वाकडं असं काही नव्हतं, गूळपीठही नव्हतं. ते शब्दांचे, ती पत्र्याची. बोलायचं काय?

एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली तर सासरे त्यांच्या खोलीत जमिनीवर पडलेले. खुर्ची कलंडलेली, काठी टेबलाखाली. डोळे उघडे होते. जेवणानंतर केव्हातरी पडले होते आणि तेव्हापासून तसेच होते. शेजारी भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता, पण त्यांनी हाक मारली नव्हती.

"बाबा! काय झालं?"

"बटण," ते म्हणाले.

कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली, पार भिंतीला लागून. चालू करायचं बटण त्याच्या तोंडावर, खाली, शर्टाच्या गुंडीएवढं. चांगल्या माणसालाही त्यासाठी वाकावं लागायचं. त्यांनी काठीच्या टोकानं दाबायला पाहिलं आणि खुर्ची सरकली.

तिनं काखेत हात घालून त्यांना उठवलं, पलंगावर बसवलं, कुठे लागलंय का बघितलं. ते भिंतीकडे बघत राहिले.

"रोज सकाळी मी चालू करून जात जाईन," ती म्हणाली.

"आणि वीज गेली तर?" ते म्हणाले, "अंघोळीला माणूस. मोजे घालायला माणूस. आता... बटणालाही माणूस."

नवऱ्याला तिनं सांगितलंच. लपवण्यासारखी गोष्ट नव्हती. तो घाबरला, आणि घाबरला की तो चिडायचा. "कशाला हवंय काम? डॉक्टर आराम सांगतात ना? फारच वाटलं तर लॅपटॉप घेऊन देतो." पण बाबांचे अक्षरांचे साचे, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर सगळं त्या एकाच मशीनवर चालायचं, लॅपटॉपच्या इवल्या पडद्यावर काना आणि रेघ सारखीच दिसली असती. बाबांनी हे सांगायला तोंड उघडलं, शब्द अडला, आणि मुलगा तोवर खोलीबाहेर गेला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ती एका गाडीच्या दरवाजाला आरशासाठी भोक पाडत होती. पाडता पाडता थांबली. तो डबा म्हणजे तरी काय? पत्राच की.

घरी येऊन हातसुद्धा न धुता ती त्यांच्या खोलीत गेली. "बाबा, तुमचा डबा कापू का?"

त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं पोटावर सुरी ठेवायची परवानगी मागितली होती.

"आत माझी... सगळी पुस्तकं आहेत."

"पुस्तकं आधी बाहेर काढून ठेवू. मग डबा रिकामा. डबा आडवा करून टेबलावर, तुमच्या डाव्या हाताशी घ्यायचा. वरच्या अंगाला मोठं बटण बसवायचं, तळहातानं दाबता येईल असं. पेनड्राइव्हच्या खाचाही तिथेच."

"कधी केलंयस?"

"गाडीला केलंय. कॉम्प्युटर मी कधी उघडूनसुद्धा बघितला नाही." तिनं खरं ते सांगितलं. "आतलं तुम्ही सांगा, पत्र्याचं मी बघते."

सुट्टीच्या दिवशी टेबलावर चादर अंथरून दोघं बसली. आधी सगळं काम एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवली. मग वायर काढायच्या आधी फोनवर फोटो, प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी. कुठली वायर कशाची ते सासरे सांगायचे. शब्द अडला की ती गप्प बसून वाट बघायची. सुचवायची नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून सुचवणार तरी काय? पण त्यामुळे झालं असं की आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांची वाक्यं त्यांनी स्वतःच पुरी केली.

आतून धुळीचा गोळा निघाला, उशीत भरावा एवढा.

"याच्यावरच चालत होता वाटतं," ती म्हणाली. सासऱ्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला.

डबा रिकामा झाल्यावर तिनं वरच्या पत्र्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि मधोमध फुली मारली.

"नाही," ते म्हणाले. पेन्सिल मागून घेतली. डाव्या हातानं, लहान मुलासारखी थरथरती रेघ ओढली, मग दुसरी. "इथे समास, पानाच्या कडेला सोडतो तसा. इथे श्वास घ्यायला जागा. बटण... याच्या आत. हात आपोआप तिथेच पडेल." तिनं टेबलाशी त्यांचा हात ठेवून बघितला. खरंच तिथेच पडत होता. मधोमध लावलं असतं तर खांद्यातून ताणावं लागलं असतं.

कापायला सुरुवात केली आणि पहिल्याच फटक्याला ड्रिल घसरलं. पत्रा गाडीच्या पत्र्याहून पातळ होता, तिचा अंदाज चुकला. वरच्या अंगावर लांबलचक ओरखडा उमटला. तिनं मशीन बंद केलं, मान खाली घालून बसली.

"शुद्धिपत्र लावू," सासरे म्हणाले.

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मग खाली लाकडाचा ठोकळा दिला, हलक्या हातानं पुन्हा सुरू केलं. गोल चकती निघून खाली पडली. कड धारदार होती. तिनं कानस उचलली, तर त्यांनी हात पुढे केला. तिनं दोन्ही हातांनी डबा घट्ट धरला आणि त्यांनी कड घासली. किती वेळ घासत होते! कपाळावर घाम आला, तरी थांबेनात. मध्येमध्ये ती बोट फिरवून बघायची. "इथे अजून लागतंय." ते पुन्हा घासायचे.

तेवढ्यात मुलगा आत आला. पलंगावर मदरबोर्ड, खुर्चीवर पंखा, घामानं निथळणारा बाप.

"अगं, वेड लागलंय का तुला? त्यांना पुन्हा झटका आला म्हणजे?"

ती काही बोलणार एवढ्यात बाबांनी कानस टेबलावर आपटली. "मला... विचार," ते म्हणाले. "मी... इथे... बसलोय."

मुलगा बापाकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, मला तुमच्याबद्दल भीती वाटते हो. फोन वाजला की वाटतं, घरूनच असेल."

"मलाही," बाबा म्हणाले. "म्हणूनच काम हवंय."

जमिनीवर पत्र्याचा कीस पडला होता, तो मुलगा ओल्या फडक्यानं टिपू लागला. बायको म्हणाली, "एक कणही ठेवू नकोस, आत गेला तर बोर्ड जळेल." तो गुडघ्यांवर बसून टिपत राहिला.

रंग लागला, वाळला, सगळं परत आत बसलं. गॅरेजमधल्या जुन्या मशीनचं तांबडं बटण तिनं आणलं होतं. सासऱ्यांनी तळहात ठेवला आणि दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि लगेच सगळं बंद. पुन्हा दाबलं, काहीच नाही. तिसऱ्यांदा चालू, आणि पुन्हा बंद.

तिघांचेही चेहरे उतरले. ती वायर तपासत होती. सासरे बटणाकडे टक लावून बघत होते.

"हे वर येत नाही," ते म्हणाले. "दाबलं की खालीच राहतं. कॉम्प्युटरला वाटतं... कुणीतरी धरून ठेवलंय. धरून ठेवलं की तो बंद होतो."

तिनं कपाळावर हात मारला. लगेच बाजारात जाऊन दुसरं बटण आणलं, सोडलं की वर येणारं. ते बसवलं आणि मशीन चालू झालं ते झालं.

पण काम काही त्यांची वाट बघत थांबलं नव्हतं. प्रकाशकबाई भेटायला आल्या आणि अवघडून म्हणाल्या, की प्रवासवर्णन दुसऱ्याकडे दिलं, छपाईची तारीख टळेना. सासरे म्हणाले, "बरोबर केलंत." त्या गेल्यावर त्यांनी मशीन बंद केलं. त्यानंतर बरेच दिवस ते सकाळी चालू करायचे आणि नुसते समोर बसायचे. सून जाता-येता बघायची. हे काही पत्र्याचं काम नव्हतं, की ठोकलं आणि सरळ झालं.

मग बाई पुन्हा आल्या, लहान मुलांच्या गोष्टींचं हस्तलिखित घेऊन. सासरे ताठ झाले. "दया नको."

"दया करायला मला वेळ कुठाय?" बाई म्हणाल्या. "चित्रकार चित्रं देता देत नाही. तुम्ही गोगलगायीसारखं लावलंत तरी त्याच्यापुढेच असाल."

त्यांनी हस्तलिखित ओढून घेतलं. वाचलं. "दुसऱ्या पानावर... फार मजकूर आहे. मुलं दमतील."

"मग तुम्हीच तोडा," बाई म्हणाल्या.

एका हातानं, एकेक कळ शोधत, दिवसाला एखादं पान व्हायचं. कधी तेही नाही. हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही, जीभही नाही. पण एका संध्याकाळी सून कामावरून आली आणि नेहमीप्रमाणे दारातून म्हणाली, "बाबा, औषध घ्यायचंय."

त्यांनी मान वळवली नाही. डावा हात तेवढा वर केला. "थांब गं. हा ससा... अजून बिळात पोचला नाहीये."

ती उंबऱ्याशी थांबली. मग पाऊल न वाजवता हात धुवायला निघून गेली.