पानांचा ब्रेक

शिंपीण मावशींनी पंचावन्नाव्या वर्षी सायकल घेतली, तेव्हा त्यांच्या बहिणीने कपाळाला हात लावला.

"तीस वर्षं पायमशीन चालवलंय," मावशी म्हणाल्या, "पायडल मारायला मला कोण शिकवणार?"

पायडल खरंच जमलं. घोटाळा झाला तो थांबण्यात. मशीनवर पाय थांबले की चाक थांबतं. सायकलीला हे मान्य नव्हतं. आणि ब्रेक दाबायचं मावशी ऐनवेळी हटकून विसरायच्या. नशीब, पानगळीचे दिवस होते. त्यांच्या दुकानाजवळच्या वळणावर झाडूवाले भाऊ पिवळ्या पानांचा कमरेएवढा ढीग लावायचे, आणि रोज सकाळी मावशी थेट त्यात घुसायच्या नि खिदळत बाहेर यायच्या. भाऊ पुन्हा खराटा हातात घ्यायचे.

एका सकाळी मावशी भरधाव आल्या, तर वळणावर ढीगच नाही! पहाटे कचऱ्याची गाडी येऊन सगळी पानं घेऊन गेली होती. मोकळ्या जागेत उभे असलेले भाऊ दोन्ही हात हलवत ओरडले, "मावशी, ब्रेक! अहो, ब्रेक!"

मावशींची बोटं आपोआप आवळली. सायकल भाऊंच्या बुटांपासून वीतभर अंतरावर गचकन थांबली.

"जमलं की!" भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला. "सुटलो बुवा! आता ढिगाची गरज संपली."

"संपली कशी?" मावशी डाफरल्या. "उद्या ढीग इथेच लागला पाहिजे. ब्रेक दाबता येतो मला, पण दाबणार नाही!"