मूकपटातली न वाचलेली पाटी

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक जुना मूकपट आहे. आवाज नाही, रंग नाही, पण रुबाब विचारू नका. अमेरिकेच्या वाळवंटात, घोड्यांनी उडवलेल्या धुळीत माझा जन्म झाला. गोष्ट सोपी आहे. एक बडा जमीनदार परदेशातून आलेल्या मजुरांकडून कालवा खणून घेतो, मग पाण्याला कुंपण घालतो, तिथल्या फौजदाराला, म्हणजे शेरीफला, खिशात टाकतो आणि त्याच मजुरांना हाकलतो.

एके काळी माझ्यासाठी थिएटरं भरायची. मग बोलपट आले आणि माझी रवानगी डब्यात झाली. कित्येक वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. फार वाईट वाटायचं हो! शेवटी न्यू जर्सीत जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या प्रीताच्या हाती लागलो. तिने मला पुसलं, फाटलेलं जोडलं आणि तिथल्याच पिस्कॅटवे गावच्या मराठी मंडळात दाखवायचं ठरवलं.

मुलांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांसाठी माझ्या पडद्यावर संवादांऐवजी येणाऱ्या इंग्रजी पाट्या मराठीत वाचायचं काम मंडळाच्या त्र्यंबककाकांकडे होतं. तालमीत हाकलण्याचा प्रसंग पाहून काका बिचकले.

"प्रीता, हा सीन कट कर. अर्धा हॉल व्हिसावर आहे. उगाच पॉलिटिक्स नको."

"काका, तो कट केला तर उरतं काय? नुसते घोडे!"

माझा जीव टांगणीला लागला. अखेर ठरलं, सीन राहील, पण काका त्यातली पाटी वाचणार नाहीत.

शनिवारी दुपारी हॉल भरला. पडद्यावर मजुरांनी बोचकी उचलली. पाटी आली आणि निघूनही गेली. पहिल्या रांगेतून लेकीकडे आलेल्या इलाआजी कडाडल्या, "अहो, काय लिहिलं होतं? सांगा की! का हाकलताहेत त्यांना?"

काकांनी पडद्याकडे न बघताच सांगितलं. ओळ त्यांना पाठच होती.

"कालवा खणून झाला. आता तुमचं इथे काय काम?"

मागे उभा असलेला मंडळातला केदार मटकन खुर्चीत बसला. गेल्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली होती, आणि तिच्याबरोबर इथे राहायचा व्हिसाही जाणार होता. काकांनी ते पाहिलं, आणि मग शेवटपर्यंत एकही पाटी सोडली नाही.

मित्रांनो, मला थंड, कोरड्या जागी ठेवा. धूळ पुसा, झिजलेलं सांधा. फक्त कात्री लावू नका. माझं जे बघवत नाही, ते कुणाच्या तरी घरात आजही चालू असतं.